घरोघरचे प्रसंग आणि आयकर

पंचायत समिती सदस्य, शिक्षक, मुख्याध्यापक व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा पाठ



आयकर हा विषय निघाला की सभेत दोन प्रकारचे चेहरे दिसतात. एक म्हणतो, "आपला पगार कापूनच येतो, आता आणखी काय राहिले?" दुसरा म्हणतो, "आपण शेतकरी, आपला त्याच्याशी संबंध काय?" हे दोन्ही समज अर्धेच खरे आहेत. या अर्ध्या सत्यापायी आपल्या गावांतील कितीतरी कुटुंबांचे हक्काचे पैसे अडकून पडतात. काहींना नोटिसा येतात. काही जण भलत्याच माणसाच्या सल्ल्याने खोट्या वजावटी दाखवून बसतात.

मी आयकर अधिकारी नाही. शासनाची माहिती लोकांपर्यंत सोप्या भाषेत पोहोचविणे हे माझे काम. त्यामुळे कायद्याचे बारकावे तज्ज्ञांवर सोपवून मी आज घरोघर घडणारे सहा-सात प्रसंग घेणार आहे. गावात कोणाचे लग्न ठरले, जमीन गेली, कोणी निवृत्त झाले किंवा घरातला कर्ता माणूस गेला, की लोक प्रथम तुमच्याकडे येतात. गुरुजींना किंवा सरपंचांना विचारतात. त्या वेळी योग्य शब्द तुमच्या तोंडी असावा, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

कायदा बदलला, प्रसंग तेच

भारतात आयकर प्रथम १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी आणला. १८५७ च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी तो उपाय होता. पुढे १९२२ चा आणि मग १९६१ चा कायदा झाला. १९७३-७४ या वर्षी अधिभारासह कराचा सर्वोच्च दर ९७.७५ टक्क्यांपर्यंत गेला होता, हे आज सांगितले तर तरुणांना खरे वाटत नाही. आता संसदेने आयकर अधिनियम, २०२५ संमत केला आहे. २१ ऑगस्ट २०२५ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि अंमलबजावणीचा दिनांक १ एप्रिल २०२६ ठरला. त्यात ५३६ कलमे आहेत. 'पूर्व वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' या जोडगोळीऐवजी 'कर वर्ष' हा एकच शब्द आला आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नास मात्र १९६१ चाच कायदा लागू होतो.

या बदलात कलमांचे क्रमांक बदलले. म्हणून मी आज एकही कलम सांगणार नाही. ज्यांना जुने क्रमांक पाठ आहेत, त्यांनीही क्रमांकावर विसंबू नये, प्रसंग लक्षात ठेवावा. पुढे जे आकडे देत आहे ते आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. दर वर्षी अर्थसंकल्पानंतर ते पडताळून पाहावेत.

मूळ मुद्दा : कर नाही आणि विवरणपत्र नाही, या दोन भिन्न गोष्टी

माझे सारे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर ते असे : कर लागत नाही याचा अर्थ विवरणपत्र भरावे लागत नाही असा नव्हे.

नव्या करपद्धतीत ४ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के, १६ ते २० लाखांवर २० टक्के, २० ते २४ लाखांवर २५ टक्के आणि त्यापुढे ३० टक्के असे दर आहेत. करावर ४ टक्के उपकर आहे. मग "बारा लाखांपर्यंत कर नाही" असे जे आपण ऐकतो ते काय? ती सवलत आहे. ज्याचे एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत आहे, त्याचा आधी कर मोजला जातो आणि मग तो माफ होतो. पगारदार व निवृत्तिवेतनधारकांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्यांच्यासाठी ही मर्यादा १२ लाख ७५ हजार होते. शेअर्सच्या विक्रीवरील भांडवली नफ्यासारख्या, विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नास मात्र ही माफी नाही.

आता फरक पाहा. प्रमाणित वजावट गेल्यावर ज्याचे उत्पन्न ४ लाखांहून अधिक उरते, त्याने विवरणपत्र भरलेच पाहिजे, मग त्याचा कर शून्य का असेना. चार आणि बारा लाखांच्या मधला हा मोठा वर्ग म्हणजे आपले शिक्षक, लिपिक, आरोग्य सेवक आणि निवृत्तिवेतनधारकच होत. "कर शून्य आहे, मग कशाला भरायचे?" असे म्हणून यांतील अनेकजण गाफील राहतात.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ज्याचे उत्पन्न ४ लाखांहून कमी आहे, त्यास विवरणपत्राची सक्ती साधारणतः नाही. पण बँकेने किंवा कार्यालयाने त्याच्या पैशातून उगमस्थानी कर कापला असेल, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात टीडीएस म्हणतो तो झाला असेल, तर ती रक्कम परत मिळविण्याचा रस्ता विवरणपत्रातूनच जातो. शासन ती आपण होऊन घरी आणून देत नाही.

पहिली नोकरी

प्राथमिक शाळेतील शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ मध्ये दरमहा १६,००० रुपये करण्यात आले. वर्षाचे झाले १,९२,०००. यावर कर नाही आणि विवरणपत्राची सक्तीही नाही. तथापि नोकरीच्या पहिल्या महिन्यातच तीन गोष्टी कराव्यात. पॅन आधारशी जोडलेला आहे का, हे पाहावे. पॅन, आधार व सेवापुस्तक यांवरील नाव अक्षरशः सारखे असावे. आणि बँक खाते आयकर विभागाच्या संकेतस्थळावर प्रमाणित करून ठेवावे, कारण परतावा त्याच खात्यात जमा होतो. पॅन दिला नाही किंवा तो निष्क्रिय झाला, तर कपात १० ऐवजी २० टक्क्यांनी होऊ शकते.

नवा सेवक पगारपत्रकावर 'पी. टी.' पाहून "माझा आयकर कापला" असे समजतो. तो आयकर नव्हे. तो महाराष्ट्राचा व्यवसाय कर आहे. १९७५ च्या राज्य कायद्याने तो आला आणि आपल्या रोजगार हमी योजनेस निधीचा आधार देण्याच्या हेतूशी तो जोडलेला होता. राज्यघटनेने त्याची मर्यादा वर्षाला २,५०० रुपये घातली आहे. आयकर केंद्राचा आणि व्यवसाय कर राज्याचा, हा भेद वर्गात मुलांनाही सांगण्यासारखा आहे.

जुनी पद्धत की नवी?

फेब्रुवारी-मार्चमध्ये शिक्षक खोलीत एकच चर्चा चालते : "कर वाचवायला कोणती पॉलिसी घेऊ?" उत्तर देण्याआधी हिशेब मांडावा. समजा, एका शिक्षिकेचा वर्षाचा पगार १२ लाख रुपये आहे. नव्या पद्धतीत ७५,००० वजा जाता ११,२५,००० उरतात आणि कर शून्य होतो. जुन्या पद्धतीत ५०,००० ची प्रमाणित वजावट आणि भविष्यनिर्वाह निधी, विमा इत्यादींची पूर्ण दीड लाखाची वजावट धरली, तर १० लाख उरतात. व्यवसाय कराची किरकोळ वजावट बाजूला ठेवू. त्यावर उपकरासह १,१७,००० रुपये कर येतो. म्हणजे नको असलेली पॉलिसी घेऊन या बाईंनी काहीच वाचविले नाही, उलट हप्त्याचे ओझे वाढविले.

याचा अर्थ जुनी पद्धत निरुपयोगी आहे असा नाही. ज्यांचे उत्पन्न बरेच अधिक आहे, घरभाडे भत्ता व गृहकर्जाचे व्याज मोठे आहे, घरात अपंग व्यक्ती अवलंबून आहे, त्यांनी दोन्ही हिशेब कागदावर मांडावेत. अवलंबून असलेल्या अपंग व्यक्तीसाठी जुन्या पद्धतीत ७५,००० रुपयांची, आणि अपंगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र हाती असावे. काहीच निवड केली नाही तर नवी पद्धत लागू होते. ज्यांना व्यवसायाचे उत्पन्न नाही ते दर वर्षी निवड बदलू शकतात. मात्र जुनी पद्धत हवी असल्यास विवरणपत्र मुदतीतच भरले पाहिजे. मुदत उलटली की तो हक्क त्या वर्षापुरता जातो.

थकबाकी मिळते तेव्हा

वेतनश्रेणीची थकबाकी एकरकमी मिळाली की आनंद होतो आणि त्याच महिन्याच्या कपातीने तो अर्धा होतो. समजा, एका मुख्याध्यापकांचे करपात्र उत्पन्न ११ लाख आहे. कर शून्य. त्याच वर्षी २ लाखांची थकबाकी आली. एकूण १३ लाख झाले. आता माफीची मर्यादा ओलांडली आणि उपकरासह ७८,००० रुपये कर उभा राहिला. चूक त्यांची नाही, पैसे उशिरा आले एवढेच.

कायद्याने या अन्यायावर उपाय ठेवलेला आहे. ही थकबाकी ज्या ज्या वर्षांची आहे, त्या त्या वर्षी मिळाली असती तर कर किती वाढला असता, हे काढायचे. आज वाढलेला कर त्याहून अधिक असेल तर फरकाची सूट मिळते. नव्या पद्धतीतही ही सूट आहे. तिच्यासाठीचा स्वतंत्र नमुना, जो आजवर नमुना १०ई म्हणून ओळखला जातो, विवरणपत्राच्या आधी संकेतस्थळावर भरावा लागतो. तो न भरता सूट मागितली की ती नाकारली जाते आणि मागणीची नोटीस येते. म्हणून थकबाकीच्या देयकाबरोबर वर्षवार तक्ता कार्यालयाकडून किंवा वेतन पथकाकडून मागून घ्यावा. तो तक्ता दोन वर्षांनी मागितला तर मिळवताना फार हेलपाटे पडतात.

लग्न, भेट आणि पत्नीच्या नावावरील ठेव

विवाहप्रसंगी वधूवरांस मिळालेल्या भेटींवर आयकर नाही, मग त्या नातेवाइकाने दिलेल्या असोत वा मित्राने. पण ही मोकळीक वधूवरांना आहे, त्यांच्या आईवडिलांना नाही. एरवी आईवडील, भावंडे, पतिपत्नी अशा कायद्याने मान्य केलेल्या नातेवाइकांकडून मिळालेली भेट कितीही असली तरी करमुक्त आहे. इतरांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक मिळाले तर सगळीच रक्कम उत्पन्नात धरली जाते. भेटींची यादी करून ठेवण्याची आपली जुनी चाल येथे उपयोगी पडते. ती वही टाकून देऊ नये.

रोखीबाबत सावध राहावे. एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एका प्रसंगासाठी २ लाख वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास मनाई आहे. घेणाऱ्यास तेवढ्याच रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. कार्यालयवाले, मंडपवाले आणि सराफ यांनाही हा नियम आहे.

आणखी एक गैरसमज. "पैसे पत्नीच्या नावावर ठेवले म्हणजे माझ्यावर कर नाही." पतीने पत्नीस दिलेली रक्कम करमुक्त असते हे खरे, पण त्या रकमेवरचे व्याज पतीच्याच उत्पन्नात मिळविले जाते. अज्ञान मुलाच्या नावावरील ठेवीचेही तसेच. पत्नीने स्वतःच्या कमाईतून वा माहेरकडून मिळालेल्या रकमेतून ठेव केली असेल, तर ते व्याज तिचे स्वतःचे. म्हणून पैसा कोठून आला हे पासबुकातून दिसले पाहिजे.

शेती आणि भूसंपादन

शेतीचे उत्पन्न केंद्राच्या आयकरातून मुक्त आहे. पण शेती म्हणजे काय, ते नीट समजून घ्यावे. जमिनीतून पिकविलेले पीक आणि रोपवाटिकेतील रोपे हे शेतीचे उत्पन्न. दूध डेअरी आणि कोंबडीपालन हे शेतीचे उत्पन्न नव्हे. शिवाय ज्याचे इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेहून अधिक आहे, त्याचे ५,००० रुपयांवरील शेतीचे उत्पन्न दर ठरविण्यासाठी विचारात घेतले जाते. म्हणून बागायतदार शिक्षकाने विवरणपत्रात शेतीचे उत्पन्न दाखवावे आणि सातबारा उतारा, आडतीची पट्टी, साखर कारखान्याची ऊसबिले जपून ठेवावीत. पगाराबाहेरची कोणतीही आवक "शेतीची" म्हणून दाखविली की भागते, हा समज महागात पडतो.

आता रस्ते, कालवे, धरणे यांसाठी जमीन जाते तेव्हाचा प्रश्न. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालील निवाड्यानुसार किंवा करारानुसार मिळालेला मोबदला आयकरातून मुक्त आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ च्या परिपत्रक क्रमांक ३६ मध्ये ते स्पष्ट केले. मात्र येथेच आपला मूळ मुद्दा पुन्हा येतो. वर्षभरात बचत खात्यांत एकूण ५० लाख वा अधिक जमा झाले तर, कर शून्य असला तरी, विवरणपत्र बंधनकारक आहे. मोबदल्याचा धनादेश जमा केला की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. शेतकरी म्हणतो, "माझा पैसा करमुक्त आहे." बरोबर आहे. पण तो करमुक्त आहे हे सांगण्याची जागा म्हणजेच विवरणपत्र. निवाड्याची प्रत, मोबदल्याचा तक्ता आणि सातबारा हे तीन कागद त्यासाठी जपावेत. मोबदला उशिरा मिळाल्याबद्दलचे व्याज हा वेगळा विषय आहे. ते साधारणतः करपात्र धरले जाते आणि त्याच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते.

मोबदला बँकेत ठेवल्यावर मिळणारे व्याजही करमुक्त नाही. समजा, तीन भावांच्या जमिनीचे ६० लाख रुपये थोरल्याच्या एकट्याच्या नावावर मुदत ठेवीत ठेवले. व्याजदर उदाहरणापुरता ७ टक्के धरू. व्याज झाले ४,२०,०००. बँकेने १० टक्के, म्हणजे ४२,००० रुपये कापून घेतले. थोरल्याचे उत्पन्न ४ लाखांवर गेले, म्हणून विवरणपत्र बंधनकारक झाले. कर शून्य, पण विवरणपत्र न भरल्यास ४२,००० रुपये अडकले. याउलट तिघांच्या प्रत्यक्ष हिश्शाप्रमाणे २०-२० लाख ज्याच्या त्याच्या नावावर ठेवले असते, तर प्रत्येकाचे व्याज १,४०,००० झाले असते. दुसरे मोठे उत्पन्न नसेल तर प्रत्येकाने बँकेत घोषणापत्र देऊन कपातच टाळली असती. हे कर चुकविणे नव्हे. ज्याचा हिस्सा त्याच्या नावावर, एवढाच हा सरळ व्यवहार आहे. भावाभावांतील पुढचे वादही त्याने टळतात.

सेवानिवृत्ती

निवृत्तीच्या वेळी चार-पाच रकमा एकदम हाती येतात. राज्य शासनाच्या व स्थानिक संस्थांच्या सेवकांचे निवृत्ती उपदान आणि निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण करमुक्त असते. अर्जित रजेच्या रोखीकरणात मात्र भेद आहे. केंद्र व राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांस निवृत्तीच्या वेळी मिळणारी ती रक्कम संपूर्ण करमुक्त आहे. इतरांसाठी कायद्यातील हिशेबाने कमाल २५ लाखांची मर्यादा आहे, जी २०२३ पर्यंत केवळ ३ लाख होती. जिल्हा परिषदेच्या व खाजगी अनुदानित शाळांतील सेवकांनी आपले रोखीकरण कोणत्या नियमात बसते, हे निवृत्तीपूर्वीच लेखा विभागाकडून किंवा वेतन पथकाकडून लेखी विचारून घ्यावे. सेवेत असताना घेतलेले रजा रोखीकरण करपात्र असते.

दरमहाचे निवृत्तिवेतन पगाराप्रमाणेच करपात्र आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत बँकेतील व्याज वर्षाला १ लाखाहून अधिक झाले तरच कपात होते. इतरांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. ज्येष्ठ नागरिकाचा वर्षाचा कर शून्य येणार असेल तर एप्रिलमध्येच बँकेत घोषणापत्र द्यावे, ज्याला आजवर ज्येष्ठांसाठी १५एच आणि इतरांसाठी १५जी म्हणतात. इतरांच्या बाबतीत आणखी एक अट आहे : व्याजाची एकूण रक्कम करमुक्त मर्यादेच्या आत असली पाहिजे. हे घोषणापत्र दर वर्षी नव्याने द्यावे लागते. ते खोटे देणे हा अपराध आहे, हेही सांगावे. पंचाहत्तर वर्षांवरील ज्या नागरिकांना एकाच बँकेतून निवृत्तिवेतन व व्याज मिळते आणि अन्य उत्पन्न नाही, त्यांनी ठरावीक घोषणापत्र दिल्यास बँकच कर कापते आणि त्यांना विवरणपत्र भरावे लागत नाही.

घरातला कर्ता माणूस गेल्यावर

हा प्रसंग सर्वांत कठीण, आणि मार्गदर्शन येथेच सर्वांत कमी मिळते. एखादा शिक्षक नोव्हेंबरात गेला, तर एप्रिलपासून त्या दिवसापर्यंतच्या त्याच्या उत्पन्नाचे विवरणपत्र त्याच्या कायदेशीर वारसाने भरावयाचे असते. त्यासाठी वारसाने संकेतस्थळावर प्रतिनिधी म्हणून नोंद करावी लागते. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि दोघांचे पॅन लागतात. मृत व्यक्तीचे कर देणे वारसावर येते ते त्याच्या हाती आलेल्या संपत्तीपुरतेच. पदरमोड करावी लागत नाही. आणि मृत व्यक्तीच्या पगारातून अधिक कर कापला गेला असेल, तर तोही याच मार्गाने परत मिळतो. बँक खाते घाईने बंद केले तर परतावा कोठे जमा करावयाचा हा प्रश्न उभा राहतो, म्हणून थोडे थांबावे.

आता त्या माउलीचा स्वतःचा हिशेब. समजा, तिचे वय साठच्या आत आहे. तिला वर्षाला ३ लाख रुपये कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि ठेवींचे व्याज १,२०,००० आहे. कुटुंब निवृत्तिवेतन हे पगार नव्हे, ते 'इतर मार्गांचे उत्पन्न' होय. म्हणून ७५,००० ची वजावट त्यास नाही. एक तृतीयांश किंवा २५,००० यांपैकी कमी असेल तेवढी वजावट नव्या पद्धतीत मिळते. तीन लाखांतून २५,००० गेले, व्याज मिळविले, एकूण झाले ३,९५,०००. चार लाखांच्या आत. कर नाही, विवरणपत्राची सक्तीही नाही. पण बँकेने व्याजातून १२,००० रुपये कापले आहेत. तिने विवरणपत्र भरले नाही तर ते गेले. बारा हजार रुपये म्हणजे मुलाच्या महाविद्यालयाचे वर्षभराचे शुल्क असू शकते. आणि एप्रिलमध्ये कोणी तिला घोषणापत्राविषयी सांगितले असते, तर ते कापलेच गेले नसते.

आयुर्विम्याची मृत्यूनंतर मिळणारी रक्कम करमुक्त असते. सशस्त्र दलांतील जवान कर्तव्यावर धारातीर्थी पडला असेल, तर त्याच्या पत्नीस व वारसांस मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन संपूर्ण करमुक्त आहे. साताऱ्याकडील अपशिंगे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून ओळखले जाते. घरोघर सैनिक असलेल्या अशा गावांनी ही तरतूद ध्यानी ठेवावी.

तारखा आणि खबरदारी

चार तारखा ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या फलकावर लावाव्यात अशी माझी विनंती आहे. एप्रिल : बँकेतील घोषणापत्र. जून : कार्यालयाकडून पगार व करकपातीचा दाखला, आणि संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरणाशी त्याची पडताळणी. ३१ जुलै : पगारदार व निवृत्तिवेतनधारकांची विवरणपत्राची नेहमीची मुदत. ३१ डिसेंबर : विलंबित विवरणपत्राची शेवटची तारीख. विलंबास उत्पन्नानुसार १,००० ते ५,००० रुपये शुल्क पडते. ३१ डिसेंबरनंतरही अद्ययावत विवरणपत्र भरता येते, पण त्यातून परतावा मागता येत नाही. मग विलंब माफीसाठी अर्ज करणे, एवढाच मार्ग उरतो. म्हणून ज्याचे पैसे अडकले आहेत त्याच्यासाठी ३१ डिसेंबर ही खरी सीमारेषा आहे. आणि विवरणपत्र पाठविल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी, अन्यथा ते भरलेच नाही असे धरले जाते.

शेवटी एक इशारा. "तुमचा सगळा कापलेला कर परत मिळवून देतो, मला त्यातला हिस्सा द्या," असे सांगणारी माणसे तालुक्याच्या ठिकाणी भेटतात. ते खोटी देणगी, खोटे घरभाडे, खोटे अपंगत्व दाखवितात. आज माहितीची पडताळणी संगणकावर होते. चुकीची माहिती देऊन बुडविलेल्या करावर २०० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. नोटीस येते ती करदात्याला, त्या मध्यस्थाला नव्हे. आपला पासवर्ड आणि भ्रमणध्वनीवर आलेला सांकेतिक क्रमांक कोणासही देऊ नये. मदत अवश्य घ्यावी, पण विवरणपत्रातील प्रत्येक आकडा स्वतः वाचून मगच ते पाठवावे.

मित्रहो, केंद्राच्या विभाज्य करांतून राज्यांना वाटा मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी तो ४१ टक्के ठरविला. ज्यास कर लागू आहे त्याने तो बिनचूक भरावा, कारण त्यातूनच शाळेची खोली आणि गावाचा रस्ता होतो. तितक्याच निष्ठेने, ज्यास लागू नाही त्याच्याकडून कापला गेलेला पैसा त्यास परत मिळावा. कर वसूल करण्यासाठी शासनाची यंत्रणा आहे. परतावा मागण्यासाठी त्या विधवा भगिनीकडे कोणती यंत्रणा आहे? या सभागृहात बसलेले तुम्हीच. आज गावी परतल्यावर, गेल्या वर्ष-दोन वर्षांत ज्या घरात मृत्यू झाला किंवा ज्या घराची जमीन गेली, त्या दारी एकदा जावे आणि एवढेच विचारावे : "बँकेने कर कापला आहे का? विवरणपत्र भरले का?" या दोन प्रश्नांनी त्या घराचे पैसे वाचले, तर आजचा दिवस सार्थकी लागला असे मी समजेन.